आरोपाचा आस्वाद : जलसा, पंक आणि समीक्षकाची जागा

ज्या रचनेने वाचकावरच आरोप ठेवला आहे, त्या रचनेचा त्याच वाचकाने आस्वाद घ्यावा, तिच्या लयीला दाद द्यावी, तिच्या प्रतिमांचे वेगळेपण टिपावे आणि अखेरीस तिला ‘सामर्थ्यशाली’ असे प्रशस्तिपत्र बहाल करावे, ही गोष्ट मराठी समीक्षेच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विसंगती आता जाणवेनाशी झाली आहे. न्यायालयात आरोपीने फिर्यादीच्या वक्तृत्वाची तारीफ करावी आणि खाली बसावे, तसा हा प्रकार आहे. फिर्याद खरी की खोटी, याविषयी त्याने अवाक्षर काढलेले नसते. शाहिरी, आंबेडकरी जलसा, दलित कविता यांच्या समीक्षेत हा प्रकार वारंवार घडला आहे आणि पाश्चात्त्य जगात पंक संगीताच्या वाट्याला आलेले कौतुकही याच जातीचे आहे. प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. आरोप ऐकून घेण्याची नैतिक रीत कोणती आणि आस्वाद ही त्या रीतीची पूर्ती आहे की तिच्यातून काढलेली पळवाट, असा तो प्रश्न आहे.

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म या गावी १८९६ मध्ये झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री, संस्कृतचे व्यासंगी आणि मेघदूताचे मराठी अनुवादक ही त्यांची ओळख सर्वज्ञात आहे. त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेले रामचंद्र बाबाजी मोरे याच परिसरातील दासगावचे. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने या मुलाला अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने वृत्तपत्राला पत्र लिहून ती गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि प्रवेश मिळवला. पुढे १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या संघटकांपैकी ते एक झाले आणि त्यानंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले. एकाच तालुक्यातील या दोन माणसांच्या भाषाव्यवहाराकडे साहित्यविचाराने कसे पाहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेघदूताचा अनुवाद हा साहित्याच्या इतिहासाचा विषय ठरतो. शाळकरी मुलाचे तक्रारीचे पत्र मात्र फार तर सामाजिक इतिहासाचे साधन ठरते. ही वाटणी कुणी दुष्टाव्याने केलेली नाही, आणि म्हणूनच ती इतकी टिकाऊ आहे.

देशमुखांचेच आणखी एक उदाहरण घेता येईल. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यावेळी ते लोकसभेत कुलाब्याचेच प्रतिनिधी होते. त्याच प्रश्नावर, त्याच काळात अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गिरणगावात आणि गावोगावच्या मैदानांत गायली जात होती. मागणी एकच होती, आणि रोखही एकाच सत्तेवर होता. राजीनाम्याच्या निवेदनाला ‘प्रचारकी’ म्हणण्याचे कुणालाही सुचले नाही. छक्कडीला मात्र पुढील कितीतरी वर्षे ‘प्रचारी असूनही कलात्मक’ अशा सवलतीच्या दराने साहित्यात प्रवेश मिळत राहिला. ‘असूनही’ या शब्दात मराठी समीक्षेची एक संपूर्ण मीमांसा दडलेली आहे.

ही मीमांसा निराधार मात्र नाही, तिला मोठी परंपरा आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील विघ्नांची जी यादी दिली आहे तीत स्वगत आणि परगत या भावांचा आग्रह हे एक महत्त्वाचे विघ्न आहे. हे सुखदुःख माझे आहे, किंवा हे अमक्याचे, या देशातले, या काळातले आहे, अशी जाणीव जोवर शिल्लक आहे तोवर रस निष्पन्न होत नाही. साधारणीकरण म्हणजे या जाणिवेचे विसर्जन. कांटच्या विचारातील हितनिरपेक्षता वेगळ्या वाटेने येऊन याच जागी पोहोचते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्याची संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे, असे दाखवून दिले. या मांडणीत शाहिरीला लौकिकतावादी ध्रुवाजवळ जागा मिळते खरी, पण तेथेही प्रश्न असतो तो कलाकृतीचे जीवनाशी नाते काय, हा. कलाकृतीचे *या श्रोत्याशी* नाते काय, ती त्याला काय म्हणून हाक मारते, हा प्रश्न दोन्ही ध्रुवांच्या कक्षेबाहेर राहतो. मर्ढेकरांच्या लयतत्त्वात तर श्रोत्याला जागाच नाही. संवाद, विरोध आणि समतोल हे सारे कलाकृतीच्या अंगभूत घटकांत घडते, खुर्चीत बसलेला माणूस आणि मंचावरचा माणूस यांच्यातील विरोध त्यात मोजला जात नाही.

जलशाचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा उचलला आणि त्यातील गणाची व गौळणीची जागा बदलली. तिसाव्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा गणपतीच्या स्तवनाऐवजी आंबेडकरांचे स्तवन आले आणि वगाची जागा अस्पृश्यतेच्या, शिक्षणाच्या, सत्याग्रहाच्या संवादांनी घेतली. कर्डकांनी स्वतःच ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (१९७८) या पुस्तकात याची हकिकत नोंदवली आहे. या रचनेत स्थळकाळाचा, व्यक्तीचा, जातीचा निर्देश हा दोष नसून अट आहे. चवदार तळ्याचे गाणे ‘एका तळ्याचे’ गाणे झाले तर ते बिघडते. अभिनवगुप्त ज्याला विघ्न म्हणतो ते निर्माण करणे, ‘हे परक्याचे आहे’ असे म्हणून सुटू पाहणाऱ्या श्रोत्याला ‘हे तुझेच आहे’ असे म्हणून पकडणे, हेच जलशाचे कौशल्य आहे. ज्या शास्त्राने ही पकड सैल झाल्यावरच कलेचा आरंभ होतो असे मानले, ते शास्त्र जलशाला मोजायला निघाले की त्याच्या हाती केवळ चाल, यमक आणि ‘ओज’ लागणार, हे उघड आहे.

येथे एका गैरसमजाचा निरास आवश्यक आहे. उच्चवर्णीय समीक्षकाला जलशातील किंवा दलित कवितेतील प्रत्येक ओळ आपल्याच अंगावर आल्यासारखी वाटते. त्यातून एक प्रकारचा अपराधभाव जन्माला येतो आणि तो अपराधभाव मोठ्या सोज्वळपणे छापलाही जातो. परंतु जलशाचा फार मोठा भाग त्याच्याशी बोलतच नव्हता. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, देवऋषीच्या नादी लागू नका, हा जलशाचा मुख्य व्यवहार स्वकीयांशी होता. त्या मांडवात उच्चवर्णीय श्रोता बहुधा नसेच. जे संभाषण दुसऱ्याशी चालले आहे ते आपल्यालाच उद्देशून आहे असे मानणे, हाही एक अहंकारच आहे, जुन्या मिरासदारीचा तो हळवा अवतार आहे. म्हणजे समीक्षकाची जागा दुहेरी आहे : काही ओळींपुरता तो आरोपी आहे, उरलेल्या ओळींपुरता निव्वळ आगंतुक. कोणती ओळ कोणत्या जागेवरून ऐकावी, याचा विवेक हे त्याचे पहिले काम आहे. त्या विवेकाशिवाय केलेली प्रशंसा आणि त्या विवेकाशिवाय केलेली निंदा यांत फारसे अंतर राहत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या लेखनातील व्याकरणाची टर उडवली. ती निंदा होती, आणि तिच्यात आरोपाला उत्तर नव्हते. शंभर वर्षांनी त्याच भाषेला ‘रांगडे सौंदर्य’ म्हणून गौरवण्यात आले, तेव्हाही उत्तर नव्हतेच.

पंकचा इतिहास या संदर्भात बोधक आहे, कारण तेथे हे सारे अल्पावधीत आणि बाजाराच्या प्रखर उजेडात घडले. १९७७ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना ‘सेक्स पिस्टल्स’ या गटाच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली, आणि तरीही ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. ‘द क्लॅश’ हा गट राजकीयदृष्ट्या अधिक सजग होता. बेकारी, वंशद्वेष, पोलिसी दंडेली, साम्राज्याची उतरती कळा हे त्याचे विषय होते. त्याच वर्षी त्याने सीबीएस या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला, तेव्हा ‘स्निफिन ग्लू’ हे घरगुती नियतकालिक चालवणाऱ्या मार्क पेरीने पंक त्याच दिवशी मेले, असा निर्वाळा दिला. गंमत पुढेच आहे. कंपनीच्या मनमानीवर संतापून या गटाने काही महिन्यांतच एक गाणे रचले आणि ते त्याच कंपनीने बाजारात आणले. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच आरोपपत्र छापून, सुबक वेष्टणात घालून विकावे, याहून निर्दोष उदाहरण शोधून सापडणार नाही.

१९७९ च्या डिसेंबरात या गटाचा ‘लंडन कॉलिंग’ हा संग्रह आला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. अमेरिकेत तो जानेवारी १९८० मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने १९८९ मध्ये त्याला नवव्या दशकातील सर्वश्रेष्ठ संग्रह ठरवले. संगीताच्या दृष्टीने हे कौतुक अस्थानी नव्हते. पंकच्या ठोकळ्यात रेगे, रॉकबिली, जॅझ यांची आवक करून या संग्रहाने त्या प्रकाराचा आवाका वाढवला हे खरेच आहे. परंतु त्या कौतुकाचा सूर पाहिला तर ‘पंकच्या मर्यादा ओलांडल्या’ हा त्याचा ध्रुवपद आहे, म्हणजे पुन्हा तेच ‘असूनही’. २००२ मध्ये याच संग्रहाचे शीर्षकगीत जग्वार या महागड्या मोटारीच्या जाहिरातीत वाजले. २०१६ मध्ये पंकच्या चाळिशीनिमित्त लंडनमधील प्रतिष्ठित संस्थांनी वर्षभराचा उत्सव मांडला, तेव्हा ‘सेक्स पिस्टल्स’च्या व्यवस्थापकाचा मुलगा जो कोरे याने पंकच्या दुर्मीळ वस्तूंचा आपला संग्रह टेम्स नदीत होडीवर जाळून टाकला. पन्नास लाख पौंड ही त्याने सांगितलेली किंमत होती. निषेध म्हणून हा प्रकार थोडा नाटकीच म्हटला पाहिजे, आणि पैसा जाळून दाखवता येणे ही चैन ज्याला परवडते त्याचाच तो निषेध आहे. तरीही आरोपाचे वस्तुसंग्रहालय झाले की आरोप उरतो काय, हा त्यामागील प्रश्न खोटा ठरत नाही.

मराठीत उलट घडले. पंकला कंपनीने गिळले, जलशाला कुणी शिवलेच नाही. आंबेडकरी गाण्यांच्या ध्वनिफिती बाजारात आल्या तरी त्यांचे परीक्षण वाङ्मयीन नियतकालिकांत येणे हा अपवादच राहिला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी ज्या संख्येने माणसांना मुखोद्गत आहेत, त्या संख्येच्या जवळपासही मराठीतील कोणताही मान्यवर नवकवी जाऊ शकत नाही. तरी त्यांच्या रचनापद्धतीचा सूक्ष्म अभ्यास हाताच्या बोटांवर मोजावा इतकाच आहे. हे काम पुढे समाजशास्त्राने अंगावर घेतले. शर्मिला रेगे यांनी जलसे, गायनपार्ट्या, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका यांना ज्ञानव्यवहाराचा दर्जा देऊन २००८ मध्ये त्यांची मांडणी केली. एका विद्याशाखेने आपले घर दुसरीला भाड्याने द्यावे, आणि मग त्या घरात काय चालले आहे याची विचारपूसही करू नये, असे हे आहे. दलित साहित्याच्या नावाखाली मराठी समीक्षेने जे स्वीकारले ते प्रामुख्याने छापील होते : कविता, कथा आणि आत्मकथन. गाणे मांडवातच राहिले.

छापील ते स्वीकारले गेले, पण कसे? ‘गोलपिठा’ (१९७२) हा संग्रह विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला. आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले, त्या वस्तीत त्याच्याबरोबर हिंडावे लागले, हे तेंडुलकरांनी तीत सांगून टाकले. या प्रस्तावनेवर पुढे पुष्कळ टीका झाली. पांढरपेशा लेखकाचा कुतूहलाने भरलेला फेरफटका असे तिचे वर्णन झाले. ती टीका सर्वस्वी गैरवाजवी नाही. परंतु त्या प्रस्तावनेत एक प्रामाणिकपणा आहे, जो नंतरच्या पंडिती समीक्षेत आढळत नाही : ही भाषा मला येत नाही, ही कबुली. नंतरच्या समीक्षेला सारे काही कळले होते. तिने नामदेव ढसाळांच्या कवितेसाठी एक वेगळा शब्दकोशच तयार केला. स्फोटक, दाहक, ज्वालाग्राही, अंगार, धग, निखारा. ही सारी विशेषणे अग्नीची आहेत, आणि शेकोटीपाशी बसलेल्या माणसाची आहेत. वणव्यात सापडलेला माणूस धगीचे वर्णन करत बसत नाही. वॉल्टर बेंजामिनने १९३४ मध्ये त्या काळच्या छायाचित्रणकलेविषयी एक आक्षेप घेतला होता : दारिद्र्यालाही ती इतक्या सफाईने टिपते की तेही उपभोगाची वस्तू होते. तो आक्षेप येथे जसाच्या तसा लागू पडतो, फक्त येथे कॅमेरा समीक्षकाच्या हाती आहे.

त्याच वर्षी घडलेला दुसरा प्रसंग अधिक उद्बोधक आहे. ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्यातील आरोपाचा गाभा एका अंकगणितात होता : दलित स्त्रीच्या विटंबनेला पन्नास रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाला तीनशे. राष्ट्रध्वजासंबंधीच्या त्यांच्या शब्दांवर गदारोळ उठला, दुर्गा भागवतांसारख्या विदुषीनेही हरकत घेतली, आणि चर्चा शिष्टाशिष्टतेवर जाऊन स्थिरावली. पन्नास आणि तीनशे हे आकडे बरोबर आहेत की चूक, बरोबर असतील तर त्यांचे समर्थन कसे करायचे, हा प्रश्न बाजूला पडला. आरोप भाषेत मांडलेला असतो आणि म्हणून भाषेवर बोलून आरोपाला बगल देता येते. समीक्षकाच्या हाती असलेले हे सर्वांत धारदार आणि सर्वांत धोकादायक हत्यार आहे. भाषेवर बोलणे हाच तर त्याचा व्यवसाय आहे.

या टप्प्यावर एक प्रतिवाद अपेक्षित आहे. समीक्षकाने भाषेवर बोलू नये, आरोपाच्या खरेखोटेपणावर बोलावे, असे म्हणणे म्हणजे त्याला पोलीस किंवा न्यायाधीश बनवणे नव्हे काय? राज्यसंस्था तर असल्या रचनांना अक्षरशः घेतच असते. गुजरातेतील २००२ च्या हिंसाचारानंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर बंदी असलेल्या संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपाखाली खटले भरले गेले. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी मंचाच्या काही सदस्यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने विचारांविषयीची सहानुभूती आणि संघटनेचे सक्रिय सदस्यत्व यांत भेद केला (या भेदाला आधारभूत असलेली सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०२३ मध्ये बदलली, ही गोष्ट वेगळी). वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या १९८४ मधील कवितेचे प्रकरण तर समीक्षेच्या अभ्यासक्रमात लावावे असे आहे. ती कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या बुलेटिनमध्ये पुन्हा छापली गेली, अश्लीलतेचा खटला उभा राहिला, आणि १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. माफी मागितलेल्या संपादकाची मुक्तता झाली, कवीला मात्र खटल्याला तोंड देणे भाग पडले. इतिहासात आदरणीय ठरलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्यापर्यंत कविस्वातंत्र्य ताणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अतिवास्तव, विडंबन, प्रतीक या साऱ्यांचा ऊहापोह त्या निकालपत्रात आहे. न्यायालय समीक्षा लिहू लागते तेव्हा ती कशी दिसते, याचा तो नमुना होय.

अशा वेळी समीक्षक कवीच्या बचावाला धावतो, आणि धावायलाच हवे. पण त्याचा बचाव काय असतो? हे रूपक आहे, हे अतिशयोक्त आहे, ही कला आहे, तिला अक्षरशः घेऊ नये. कवीची सुटका करण्यासाठी कवितेतून अर्थ काढून घेतला जातो. सरकारी पक्ष म्हणतो, हे शब्द काहीतरी घडवतात. बचाव म्हणतो, हे शब्द काहीच घडवत नाहीत. शाहिराचा विश्वास कुणाच्या बाजूने आहे, हे सांगण्याची गरज नाही. विचित्र वाटेल, पण त्याच्या शब्दाच्या सामर्थ्यावर त्याचा वकील आणि त्याचा समीक्षक यांच्यापेक्षा फिर्यादी पक्षाचा अधिक विश्वास असतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने ही कोंडी अचूक पकडली आहे. नारायण कांबळे या वृद्ध शाहिराच्या गाण्याने एका गटार साफ करणाऱ्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा खटला त्यात चालतो. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली आणि गाणी संभाजी भगत यांची आहेत. कामगाराच्या पत्नीच्या साक्षीतून हळूहळू उघड होते की तो संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरत असे. म्हणजे ज्याची चौकशी व्हायला हवी ते गटार आहे, आणि चौकशी चालली आहे गाण्याची. चित्रपटाला वेनिसला पुरस्कार आणि देशात सर्वोच्च सन्मान मिळाला. त्याचा संयत, स्थिर कॅमेरा, लांब दृश्ये, अभिनयातील नैसर्गिकता यांवर जगभर उत्तम लिहिले गेले. गटारांविषयी त्या मानाने थोडे. यात चित्रपटाचा दोष नाही. पण गाण्याविषयी न्यायालयाने केलेली चूक चित्रपटाविषयी परीक्षकांनी उलट्या बाजूने केली, असे म्हणण्यास जागा आहे.

या कोंडीतून बाहेर पडायचे तर आरोप आणि चिथावणी यांत भेद करावा लागेल, आणि हा भेद समीक्षेलाच करता येईल. चिथावणी श्रोत्याच्या विवेकाला वळसा घालते, तिला उत्तर नको असते, कृती हवी असते. आरोपाला मात्र उत्तर हवे असते. ज्याच्यावर आरोप केला तो विचार करू शकतो, तो लाजू शकतो, तो आपली बाजू मांडू शकतो, असे आरोप करणारा गृहीत धरतो. या अर्थाने आरोप हा प्रतिपक्षाच्या माणूसपणाचा स्वीकार आहे. शाहिराने श्रोत्याला दिलेला तो एक मान आहे, आणि केवळ ‘वाहवा’ म्हणणारा श्रोता तो मान नाकारतो. आरोपाला तीन उत्तरे शक्य आहेत : तो खोटा आहे, तो खरा आहे पण त्याची मांडणी अपुरी आहे, तो खरा आहे. तिसरे उत्तर दिल्यावर पुढे जे करावे लागते ते समीक्षेच्या हद्दीबाहेर आहे, यात शंका नाही. परंतु पहिली दोन उत्तरे पूर्णपणे समीक्षेची आहेत, आणि तीच तिने टाळली आहेत. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हा या साहित्याचा निकष होऊ शकत नाही, असे बजावले. ते मान्य करूनही प्रश्न उरतो की आनंदाच्या जागी काय आणायचे. बांधिलकी हा निकष पुरेसा नाही. बांधिलकी मोजणारा समीक्षक कवीचा हेतू तपासतो, त्याचे म्हणणे तपासत नाही.

म्हणणे तपासायचे कसे, याचे उत्तर महाडच्या तळ्याने दिले आहे. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर नोंदवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्यायले, त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि सनातन्यांनी शेण-गोमूत्र-दही-दुधाचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले. डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले. दाव्याचा अखेरचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला : अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळ्यावरचे एखादे गाणे वाचताना हे सारे हाताशी असले पाहिजे. कागदावरच्या ठरावाचा फोलपणा त्या गाण्याने पकडला आहे काय? विजयाच्या उन्मादात दहा वर्षांचा दावा ते विसरले आहे काय? तळ्यावर गेलेल्या बायका त्यात दिसतात काय? हा शेवटचा प्रश्न बाहेरून आलेला नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या पुस्तकाने तो आंबेडकरी चळवळीलाच विचारला, आणि जलशात स्त्रीपात्र पुरुषाने रंगवण्याच्या प्रथेपासून विद्रोही कवितेत स्त्रीदेहाचा होणारा उपयोग यापर्यंत त्याची व्याप्ती आहे. ‘गोलपिठ्या’तील वेश्यावस्तीच्या चित्रणाविषयी ‘दाहक’ म्हणून थांबणाऱ्या समीक्षेने हा प्रश्न विचारण्याची वेळ येऊ दिली नाही. कारण ज्याला शेकोटी म्हणून पाहायचे ठरवले, त्याच्याशी वाद कोण घालतो?

निर्दोष प्रशंसा ही समतेची निशाणी नाही. वाईट गाण्याला वाईट म्हणणे, सैल कडव्याला सैल म्हणणे, एखाद्या शाहिराने तयार टाळ्यांसाठी घोषणेचा आधार घेतला असेल तर तेथे बोट ठेवणे, हे सारे वामनदादांच्या पिढीतील शाहीर एकमेकांच्या बाबतीत करत आले आहेत, कारण मांडवात गाणे पडते किंवा उठते आणि त्याचा निवाडा तत्काळ होतो. हा निवाडा छपाईतील समीक्षेपेक्षा कठोर असतो आणि तो ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी बांधलेला असतो. विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटातून शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. ज्या सांस्कृतिक गटात ते गात होते, त्यानेच पुढे त्यांना दूर केले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि काही दिवसांत घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या झोपडीत जीवन संपवले. त्यानंतर चौदा वर्षे चित्रण करून पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पुरा केला. या शाहिराच्या रचनांचे वर्गलढ्याच्या भाषेशी आणि जातीच्या अनुभवाशी असलेले ताणलेले नाते हा वाङ्मयीन प्रश्न आहे. कोणत्या श्रोत्यासाठी कोणता शब्द वापरला, कोणता गाळला, कोणाच्या सांगण्यावरून गाळला, या प्रश्नांची उत्तरे रचनांतच आहेत. ते काम मुख्यतः एका चित्रपटकाराने केले.

एम. ए. च्या अभ्यासपत्रिकेत दलित कवितेला स्थान मिळून आता बराच काळ लोटला आहे. ‘विद्रोहाचे स्वरूप सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि त्याला ठरावीक गुण असतात. महाडच्या महाविद्यालयांतून बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी मार्च महिन्यात चवदार तळ्याच्या काठी रात्रभर गाणी ऐकलेली असतात, कधी साथीला टाळही धरलेला असतो. कोणते कडवे का पडले आणि कोणत्या ओळीला माणसे उठून उभी राहिली, हे त्यांना सांगता येते. उत्तरपत्रिकेत ते लिहायला जागा नसते, आणि तपासणाऱ्याला ते अपेक्षितही नसते. तो दाहक, स्फोटक आणि ज्वालाग्राही हे शब्द शोधत असतो.